टोपलीखालची राख

मथुरा कोळसा आणायला बाहेर पडली तेव्हा मुहर्रकच्या गल्लीत अजून कलतं ऊन होतं. ऑक्टोबर संपायला आला होता. बहारीनमध्ये या दिवसांत माणूस दुपारचा घराबाहेर पाय ठेवू शकतो, एवढीच काय ती थंडी. नाक्यावरच्या दुकानातल्या लतीफने तिला बघून कपाळाला हात लावला.

"फिर से कोयला? साब फिर आग जलाएगा?"

"साल में एक दिन जलाता है. तुम्हारा क्या जाता है?"

"मेरा क्या, मेरा तो माल बिकता है. बाहर गर्मी, अंदर ए.सी., बीच में आग... यल्ला, ले जाओ."

हसला तर हसू दे. सगळी गल्लीच हसायची. कॉर्मॅक हेफर्नन साहेब मूळचे आयर्लंडचे. तरणेपणी अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात आले आणि भट्टीच्या धगीत जन्म काढून इथेच म्हातारे झाले. लग्न केलं नाही. हे जुनं घर भाड्याने घेतलं आणि पहिल्याच वर्षी बैठकीच्या खोलीची भिंत फोडून तिथे चूल बांधली. रांधायची नव्हे, शेकायची, वर धुराडं असलेली. विटाही कारखान्यात मोडीत काढलेल्या भट्टीच्या, मागून आणलेल्या. जिथे पंख्याचं वारंसुद्धा गरम लागतं तिथे शेकोटी! पण मथुरा या घरात कामाला लागली त्या दिवशी तिने ती चूल निमूट पुसून घेतली आणि एक अक्षर विचारलं नाही. न विचारण्यात तिचाही स्वार्थ होता. तिलाही कुणी काही विचारायला नको होतं.

मथुरा देवगडकडची. तिचा एकुलता एक मुलगा संदेश इथे लाँचवर मेकॅनिक होता. समुद्रात नांगरलेल्या जहाजांना सामान पोचवणारी लाँच. एका संध्याकाळी शमाल सुटला, म्हणजे इथला उत्तरेचा वारा, आणि दुसऱ्या दिवशी लाँच उलटी तरंगताना दिसली. बरोबरचे दोघे सापडले. संदेश सापडला नाही. ऑफिसातल्या माणसाने फोनवर ओळखीची खूण विचारली, तेव्हा मथुरानेच सांगितलं, उजव्या पायाला करंगळी नाही. लहानपणी लाकडं फोडताना कुऱ्हाड बसली होती. त्या खुणेचं कुणी कधी किनाऱ्याला लागलं नाही.

सापडला नाही म्हणजे गेला नाही, असं मथुराने धरलं ते धरलं. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, जीव मोकळा होईल. तिने आणलेले दर्भ परसात भिरकावून दिले. पुढे घरकामाचा व्हिसा काढून इथे आली, ज्या समुद्राने पोर नेलं त्याच्या काठाशी. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन बसायची आणि अंधार पडला की उठायची. गावात लोक म्हणाले, पोरापाठी हिचं डोकं गेलं. म्हणोत बापडे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नवरा विठ्ठल दर पितृपक्षात फोन करायचा. यंदाही केला होता.

"मथुरा, ह्या वर्साक तरी झिलाच्या नावान पान वाढूया गो. तेका असो अधांतरी ठेव नको."

"जित्या माणसाच्या नावान पान वाढतत काय?" तिने विचारलं.

विठ्ठलने फोन ठेवला.

साहेबांशी तिचं जमलं ते संध्याकाळच्या गोष्टींमुळे. साहेबांचं हिंदी कारखान्यातलं, शिव्यांसकट शिकलेलं. मथुरा पाय चेपायला बसली की ते आपल्या घराची कथा लावायचे. रोज तेच घर, पण रोज नवा कोपरा.

डोंगरउतारावर जाड दगडी भिंतींचं, चुन्याने सारवलेलं, गवताने शाकारलेलं घर. मधोमध चूल, आणि ती चूल कधी विझू द्यायची नाही हा हेफर्ननांचा नियम. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी राख सारून फुंकर घालायची. तिकडे सरपण म्हणून मातीच जाळतात म्हणे, दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात. मथुराला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. माती कुठे जळते?

जमीन पूर्वी जमीनदाराची होती, हेफर्नन नुसते कसणारे. दुष्काळाच्या साली जमीनदाराच्या माणसांनी घरावरचं छप्पर ओढून काढलं आणि यांना बाहेर हाकललं. त्यांनी घराचं दार तेवढं उचलून आणलं. रस्त्याकडेच्या चरावर ते आडवं टाकून त्याखाली सगळा हिवाळा काढला. दोन लेकरं त्या दाराखालीच गेली. मग परत आले, शेजाऱ्याच्या चुलीतला निखारा आणून आपली चूल पेटवली, आणि नातवंडांच्या काळात कायदा होऊन जमीन नावावर लागली. जी गोष्ट रक्त आटवून मिळते तिचे तुकडे करवत नाहीत. म्हणून पुढचा नियम झाला, जमीन एकाच मुलाला, बाकीच्यांनी जहाज धरायचं.

साहेब त्या बाकीच्यांतले. आणि तिकडे रीत अशी की, परदेशी निघणाऱ्यासाठी आदल्या रात्री घरात सुतक पाळायचं. माणूस जिवंत, धडधाकट मध्ये बसलेला, आणि भोवती बायका गळा काढून रडतायत. कारण गेलेला परत येतो हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

"मेरी माँ पूरी रात रोई," साहेब म्हणाले होते. "सुबह आँख सूखी. उसके बाद कभी नहीं रोई. मैं छुट्टी में गया, तो माँ अच्छा वाला कप निकाली. मेहमान का कप, मथुरा. मेरे लिए."

थोडं थांबून ते म्हणाले, "माँ ने ज़िंदा को रो लिया. और तुम..."

मथुराचे हात त्यांच्या पायावर तसेच थबकले. त्या दिवशी दोघंही लवकर झोपायला गेली.

जमीन धाकट्या भावाकडे राहिली. तोही बिनलग्नाचा. एका हिवाळ्यात तो चुलीसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत चूल विझून गेली होती. साहेब पोचले तेव्हा चुलीत गार राख. तीच त्यांनी बिस्किटाच्या डब्यात भरून बहारीनला आणली. आता त्या जमिनीवर पाईनची झाडं लावली आहेत. कुणीतरी पाठवलेला फोटो साहेबांच्या उशाशी होता. छप्पर नसलेल्या चार भिंती आणि चुलीच्या जागी उगवलेलं एक झाड. मथुराला तो फोटो बघवत नसे. घर पडलेलं माणूस सोसतो, पण चुलीतून झाड आलेलं कसं सोसायचं?

ती कोळसा घेऊन परत आली तेव्हा नाझिश निघायच्या तयारीत होती. नाझिश म्हणजे साहेबांना तपासायला येणारी नर्स. दारातच तिने मथुराला हलक्या आवाजात सांगितलं, "फेफड़े में पानी है. मैंने बोला हॉस्पिटल चलो. बोलते हैं, आज नहीं, कल."

साहेब कितीतरी दिवसांत अंथरुणावरून उठले नव्हते. पायात त्राणच नव्हतं. पण डोळे लख्ख होते.

"मथुरा, आज की रात. इस बार तुम करेगा. सुनो..."

नोव्हेंबर लागण्याच्या आदल्या रात्री घरातले मेलेले चुलीपाशी शेकायला येतात, ही त्यांच्याकडची समजूत. त्यांच्यासाठी चूल पेटती ठेवायची, खुर्च्या मांडायच्या आणि घरच्यांनी बाजूला होऊन झोपून जायचं. एक बापाची खुर्ची, एक आईची, एक भावाची.

"चौथी मेरी."

मथुरा दचकली. "आप तो..."

"माँ हर साल रखती थी. मेरी कुर्सी. मरे हुओं के साथ." साहेब हसले. "फिर डब्बे का राख. आग के सामने फैलाना, हाथ से एकदम प्लेन. सुबह देखना. पाँव का निशान दरवाज़े की तरफ, तो घर से कोई जाएगा. अंदर की तरफ, तो कोई आया."

राखेतलं पाऊल! मथुराने मान वर केली. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या गावी दिवसकार्याच्या आदल्या रात्री, माणूस जिथे गेला तिथे तांदळाचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात पाऊल बघायचं. पाऊल उमटलं की तो जीव गेला, मोकळा झाला. तिने संदेशच्या नावाने ते होऊ दिलं नव्हतं. कुणाची छाती झाली नव्हती तिच्यासमोर पीठ पसरायची.

"दरवाज़ा खुला रखना," साहेब बोलत होते. "जो आएगा, उजाला होने से पहले जाएगा. उसका रास्ता खुला. समझा? हमारे घर में एक औरत थी, मेरे दादा की चाची. उसका लड़का समुंदर में गया. इसी रात उसने कुंडी लगा दी. कि बेटा वापस न जाए."

"फिर?"

"फिर वो रह गया. रोज़ शाम को उसकी कुर्सी सरकती थी. आग की तरफ."

मथुरा पुढे सरकली. "वो... खुश था? माँ के पास?"

साहेबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"उसको ठंड लगती थी," ते म्हणाले. "आग के पास बैठता था, गरम नहीं होता था. उसके दाँत बजते थे, मथुरा. माँ सुनती थी. बुढ़ापे तक सुनती रही."

मग त्यांनी तिचा हात धरला. "तुम्हारे लड़के के लिए कुर्सी?"

"नहीं," मथुरा म्हणाली. "वो मरा नहीं है."

दिवेलागणीला तिने चूल पेटवली. चार खुर्च्या मांडल्या. समुद्राकडून धुकं चढत होतं, गल्लीतले दिवे पिवळे, विरघळल्यासारखे झाले होते. बाहेरचं दार तिने सांगितल्याप्रमाणे नुसतं लोटून ठेवलं. मग डबा उघडला. राख पिठापेक्षा मऊ निघाली. चुलीसमोर ती पसरून तळहाताने सारखी करता करता तिचा हात थांबला.

विचारून बघायला काय हरकत आहे?

इतकी वर्षं तिने समुद्राला विचारलं होतं, देवाला विचारलं होतं, ऑफिसातल्या माणसांना विचारलं होतं. कुणी उत्तर दिलं नव्हतं. राख देईल. कोरी राहिली तर माझा संदेश आहे. कुठेतरी आहे, येईल. आणि उमटलं तर... उमटणारच नाही. ती स्वयंपाकघरातून कांद्यांची खजुरीच्या पातीची टोपली घेऊन आली, कांदे ओतून टोपली झटकली आणि अर्ध्या राखेवर पालथी घातली. शेजारी पणती लावली. उघड्यावरची अर्धी साहेबांची, झाकलेली अर्धी आपली. उघड्या पिठावरचं पाऊल तिच्या गावी कुणी खरं धरत नाही. वाऱ्याने, मांजराने काहीही उमटेल, इथे तर वर ए.सी. फुंकतोय. पिढ्यान् पिढ्यांची सवय, हाताने आपोआप केली. रस्ता खुला ठेवायचा हे तिला आठवत होतं, आणि दार खुलं होतंच की! टोपली म्हणजे काही दार नव्हे.

"संदेश," ती टोपलीशी वाकून म्हणाली, "येव नको हां बाळा. जय आसशीत थय ऱ्हव."

आणि बाजूच्या खोलीत जाऊन आडवी झाली.

झोप लागली की नाही हे तिला पुढेही सांगता आलं नाही. आधी वास आला. ओल्या मातीला आग लागावी तसा, पेरणीआधी शेत भाजतात त्या भाजावळीसारखा, पण जड, काळा. माती जळत होती. घरात कोळशाशिवाय काही नव्हतं आणि माती जळत होती... मग खुर्ची सरकल्याचा आवाज. एक. दुसरी. कुणी कुणाशी बोललं नाही. कुणीतरी दमलेल्या माणसासारखा सुस्कारा टाकला. थोड्या वेळाने अनवाणी पावलं तिच्या दारावरून गेली, म्हाताऱ्या माणसाची, सावकाश, फरशीला चिकटत. चुलीपाशी थांबली. बाईचा आवाज होता तो? रडण्याचा? खूप वर्षं अडकून राहिलेलं रडणं सुटावं तसा...

मथुरा उठणार होती. पण तेवढ्यात त्या मातीच्या वासात दुसरा वास मिसळला. डिझेल आणि खारं पाणी. सुट्टीवर आलेल्या संदेशच्या बॅगेतून कपडे काढताना येणारा वास. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नाही, नाही, नाही, एवढंच म्हणत राहिली.

पहाटेची अजान झाली, मशिदीच्या मनोऱ्यामागे आभाळ राखाडी झालं, तरी ती तशीच होती. चांगलं फटफटल्यावर बाहेर आली.

खुर्च्या चुलीला खेटून अर्धवर्तुळात ओढलेल्या. उघड्या राखेवर पावलं होती, रुंद, फेंगडी, दाराकडे तोंड करून गेलेली. मथुरा धावत साहेबांच्या खोलीत गेली. साहेब अंथरुणात होते. गार. चेहरा असा की, लहान मूल रडून रडून आईच्या कुशीत झोपी जावं. पांघरूण पायावरून सरकलं होतं आणि दोन्ही तळवे राखेने माखले होते.

ती परत चुलीपाशी आली. पणती विझली होती. तिने टोपलीच्या काठाला हात लावला. मग टोपली उचलली.

एकच पाऊल. उजवं. आतल्या बाजूला तोंड केलेलं. चार बोटं, आणि करंगळीच्या जागी काही नाही. राख तिथे भिजून चिखल झाली होती, अजून ओली.

"आई गे," एवढंच ती म्हणाली. खाली बसली. इतकी वर्षं अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. तिने त्या पावलाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली, पण त्याला शिवली नाही. माझं पोर गेलं. माझं पोर गेलं होतं, आणि मी त्याला जेवायलाही घातलं नाही.

रडता रडता तिची नजर त्या पावलावरच होती. आत आलेलं. बाहेर जाणारं शोधलं, कुठेच नव्हतं. हातातल्या टोपलीकडे तिने बघितलं, मग खिडकीकडे. खिडकीत ऊन आलं होतं; उजाडायच्या आत जायचा त्याचा रस्ता तिनेच झाकून ठेवला होता.

तिने टोपली भिरकावली, दार सताड उघडलं. "जा रे बाळा," ती ओरडली, "जा, मी धरूक नाय तुका, जा!" गल्लीतून चाललेल्या पोरांनी वळून बघितलं. दारातून फक्त उन्हाची तिरीप आत आली.

नाझिशने येऊन साहेबांना बघितलं, डोळे पुसले, मग तिची नजर तळव्यांवर गेली. "ये चले थे?" तिने हळूच विचारलं. मथुरा ओल्या फडक्याने ते तळवे पुसू लागली. साहेबांना इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत ठेवलं. घरमालकाने सांगितलं, सामानाची विल्हेवाट लागेपर्यंत तू इथेच राहा.

तिने विठ्ठलला फोन केला. "करा काय ता," ती म्हणाली. "पुतळो करा, क्रिया करा. माजी ना नाय." विठ्ठल एवढा मोठा बाप्या, फोनवर हमसून हमसून रडला. मथुराला वाटलं, मंत्रांनी तरी सुटेल. इथली चूक तिथे निस्तरेल.

पण रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, बैठकीच्या खोलीत चौथी खुर्ची सरकायची. मांडलेली साहेबांसाठी, पण सरकवणारे साहेब नव्हेत; ते तर दारातून निघून गेले होते. चुलीकडे सरकायची, थोडी, मग आणखी थोडी. पहिल्या दिवशी मथुराने कानावर हात घेतले. दुसऱ्या दिवशी ती लतीफकडे गेली आणि कोळसा घेऊन आली. मग रोजच आणू लागली. लतीफने थट्टा करणं सोडलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून पिशवी पुढे करायचा.

दिवसकार्याची सकाळ आली. विठ्ठलचा फोन आला तेव्हा मथुरा चुलीपाशीच बसली होती, कारण आता ती रात्रीही चूल विझू देत नव्हती. निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी फुंकर घालायची.

"मथुरा!" विठ्ठलच्या आवाजात तिने कित्येक वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. "अगो, टोपली उचलली आत्ता. पीठ कोरा आसा! पाऊल नाय गो! भटजी पण गप ऱ्हवले. तुजाच खरा झाला. तो गेलोच नाय. जिवंत आसतलो आपलो झील, खय तरी आसतलो..."

तो हसत होता की रडत होता कळत नव्हतं. मागे गावातल्या बायकांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. काय सांगायचं त्याला? तिथलं पीठ कोरं का राहिलं, हे त्या बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं? शेजारची खुर्ची चुलीकडे कणभर सरकली. खुर्चीखालची फरशी ओली होती. मथुराने चिमट्याने आणखी दोन कोळसे आत ढकलले.

"बोल गो कायतरी," विठ्ठल म्हणाला. मग तो थांबला. गलक्यापासून लांब, परसात गेला असावा, कारण मागचे आवाज एकदम कमी झाले.

"मथुरा... तुज्या बाजूक कोण आसा?"

"कोण नाय."

"नाय कशा? माका ऐकाक येताहा." विठ्ठलचा आवाज अगदी खाली आला. "कोणाचे तरी दात वाजतत गो..."